डिझाईन फ्री!

जळगाव किंवा धुळ्यातल्या कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात शिरा. काउंटरमागे रेटकार्ड लावलेलं असतं. साधा फ्लेक्स अमुक रुपये स्क्वेअर फूट, स्टार फ्लेक्स तमुक, व्हिनाइलचा भाव वेगळा, लाकडी फ्रेमचा वेगळा, नेऊन लावायला माणूस हवा तर त्याचे वेगळे. आणि सगळ्यात शेवटी, लाल अक्षरांत, उद्गारचिन्हासकट : ‘डिझाईन फ्री!’

म्हणजे बघा, पट्ट्यांचे पैसे आहेत, खिळ्यांचे आहेत, बांबूवर चढणाऱ्या भाऊचे आहेत. फक्त त्या फ्लेक्सवर काय छापायचं, कुठे आणि केवढं, हे ठरवणाऱ्याचे नाहीत. आणि माझं अख्खं करिअर नेमकं त्या फ्री असलेल्या गोष्टीचं आहे!

हो, मी ग्राफिक डिझायनर आहे. राहते धुळ्यात, निम्मी कामं जळगावची. पुण्यात सात वर्षं एका एजन्सीत काढली आणि मग परत आले. ‘परत आले’ म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो ना, तो मला आता पाठ आहे. आजारी होती का? नोकरी गेली का? लग्न ठरलं का? यातलं काहीच नव्हतं. तुम्ही हे ऑफिसमधल्या लंच-ब्रेकमध्ये वाचत असाल आणि तुमचं गाव हिंजवडीपासून एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या अंतरावर असेल, तर ‘परत गेलं तर?’ हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी चावून गेला असेलच. म्हणून हा हिशेब मांडतेय. जमा आणि खर्च, दोन्ही बाजूंसकट.

रस्ता कोण ओलांडणार?

माझा मामा जळगावचा पेंटर. घरं रंगवणारा नव्हे, बोर्ड रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धुळ्याहून एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला जायचे आणि महिनाभर मामाच्या मागे मागे फिरायचे. त्याच्याकडे निळीत बुडवलेलं सूत असायचं. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मध्ये चिमटीत पकडून सोडायचं, की भिंतीवर टण्णकन सरळ रेघ उमटायची. सुताचं एक टोक धरून उभं राहणं ही माझी डिझाईनमधली पहिली नोकरी. पगार : रोज एक कुल्फी.

मामाची एक खोड होती. दोन अक्षरं रंगवून झाली की शिडीवरून उतरायचा, रस्ता ओलांडायचा आणि समोरून पाटीकडे बघत उभा राहायचा. मग परत येऊन पुढची दोन अक्षरं. एकदा नवी पेठेतला एक दुकानदार वैतागला. म्हणाला, ‘‘अहो, संध्याकाळी उद्घाटन आहे, तुम्ही काय चकरा मारताय?’’ मामा शांतपणे म्हणाला, ‘‘शेठ, पाटी मी जवळून रंगवतोय, पण गिऱ्हाईक तिकडून वाचणार आहे.’’

पुढे पुण्याला कॉलेजात याच गोष्टीला ‘लेजिबिलिटी’ आणि ‘व्ह्यूइंग डिस्टन्स’ म्हणतात हे कळलं. सरांनी त्यावर अख्खं एक लेक्चर घेतलं. मी मनातल्या मनात मामाला सलाम ठोकला.

मी शाळेत होते तेव्हाच फ्लेक्स आला. मामा ज्या पाटीला तीन दिवस लावायचा, ती मशीनमधून अर्ध्या तासात बाहेर पडायला लागली. फोटोसकट, ग्रेडियंटसकट! मामाची कामं कमी होत गेली. तो मात्र कडवट झाला नाही. मला एवढंच म्हणाला, ‘‘मशीन आलं ते बरंच झालं गं, उन्हात शिडीवर पाय फार दुखायचे. पण आता रस्ता कोण ओलांडणार?’’

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. कारण फ्लेक्सनं घालवलं ते रंगकाम नव्हतं, रस्ता ओलांडणं होतं. दुकानातला ऑपरेटर कोरल ड्रॉमध्ये फाईल उघडतो, मागच्या गिऱ्हाइकाचं नाव पुसतो, तुमचं टाकतो, रिकाम्या जागी दोन फुलं आणि एक मोर भरतो, की झालं काम! त्याचीही चूक नाही. त्याच्या मागे सहाजण उभे असतात आणि त्याला पैसे छपाईचे मिळतात, विचाराचे नाही.

‘मराठी व्हर्जन’चं काय ते बघून घे

माझा रस्ता तसा नेहमीचाच. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही चित्रकार मुलाला विचारा, त्याची सुरुवात इथूनच असते. स्थिरचित्र, संकल्पचित्र आणि तो भूमिती-अक्षरलेखनाचा पेपर! बाकीच्यांना अक्षरलेखन म्हणजे शिक्षा वाटायची. मी मात्र मामाची भाची, मला त्यातच मजा यायची. बारावीनंतर सीईटी, मग पुण्यात अप्लाइड आर्टला प्रवेश. आमचे आप्पा एसटीत होते. ‘चित्रकलेत पोट भरतं का?’ हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही, पण फीचा चेक लिहिताना त्यांचा पेन एक सेकंद थांबायचा. तो सेकंद मला दिसायचा.

2015 साली एजन्सीत लागले. चकाचक ऑफिस, कॉफी मशीन, बीनबॅग, सगळं अगदी जाहिरातीतल्यासारखं. काम मुख्यतः बिल्डरांचं. स्विमिंग पूल, हसणारं कुटुंब आणि एक इंग्रजी टॅगलाईन. सगळं फायनल झालं, क्लायंटनं ओके दिलं, की संध्याकाळी सात वाजता मेल यायचा, ‘उद्या पेपरला जायचंय, मराठी व्हर्जनचं काय ते बघून घे.’

आता गंमत बघा. इंग्रजी अक्षरांची उंची मोजून आखलेली चौकट. त्यात मराठी बसवायची. वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार. मराठीला वरही जागा लागते आणि खालीही. मग एक तर अक्षर बारीक करा नाही तर ओळी एकमेकींवर चढू द्या. बरेच फॉन्ट हिंदीच्या वळणाचे, त्यामुळे आपला पाकळीचा ल आणि देठाचा श गायब. हा काही माझा हट्ट नाही हं, ल आणि श मराठीत कसे लिहायचे हे राज्य सरकारनं 2009 मध्ये शासननिर्णय काढून सांगितलंय. पण संध्याकाळी सात वाजता शासननिर्णय कोण वाचणार? ‘चालतंय गं, कोण बघतंय!’

मला दिसायचं, आणि सात वर्षांत त्याचाच कंटाळा साचत गेला. पगार वाढत होता, पण माझ्या भाषेसाठी मी फक्त उरलेल्या जागेत काम करत होते.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन धुळ्याला आले. पंधरा दिवसांसाठी! पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 2022 च्या शेवटी ऑफिसचा मेल आला, ‘जानेवारीपासून सगळ्यांनी परत यायचं.’ मी तो मेल चार दिवस उघडून बघत होते. हाताशी दोन छोटी फ्रीलान्स कामं होती, बँकेत पाच महिने पुरतील एवढे पैसे. पाचव्या दिवशी राजीनामा पाठवला.

आप्पा काही बोलले नाहीत. ज्या माणसाच्या घरात आयुष्यभर ठरल्या तारखेला पगार आला, त्याला ‘क्लायंट देईल तेव्हा’ हे वाक्य कसं समजावणार? त्यात गल्लीतल्या जिभाऊंनी ओट्यावरूनच विचारलं, ‘‘आप्पा, तुनी आंडेर घर बठीसन काय करस?’’ मुलगी घरी बसून काय करते? आप्पा म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरनं काम करस.’’ एवढंच. त्यांना त्याहून जास्त सांगता येत नव्हतं आणि खरं तर मलाही.

चाळीसगावचे कमर्शियल आर्टिस्ट

मला वाटत होतं, कमर्शियल आर्ट शिकून खान्देशात परतणारी मी पहिलीच. छे! चाळीसगावचे केकी मूस माझ्या कितीतरी आधी हे करून बसले होते.

मूस 1912 सालचे, पारशी कुटुंबातले. इंग्लंडला गेले, शेफील्डच्या बेनेट कॉलेजची कमर्शियल आर्टची पदविका घेतली. असा माणूस त्या काळात मुंबईत कुठेही चमकला असता. पण ते चाळीसगावला आले आणि रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात राहिले, 1989 मध्ये जाईपर्यंत. जवळपास पन्नास वर्षं, आणि त्या काळात घराबाहेर क्वचितच पडले. घरातल्याच साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांच्यावर उजेड टाकायचा आणि असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला बर्फाळ प्रदेश किंवा वादळी रात्र दिसावी. या टेबल-टॉप फोटोग्राफीनं त्यांना जगभर नाव मिळवून दिलं. ते घर आता कलादालन म्हणून जपलंय. चाळीसगावला गाडी बदलायला थांबलात तर नक्की बघून या.

मी राजीनामा दिल्यावर तिथे गेले होते. भारावून गेले, आणि थोडी घाबरलेही. त्यांचं काम बघताना कळतं, उत्तम नजर असायला मोठं शहर लागत नाही, एक टेबल पुरतं. पण मूस यांनी बाजाराकडे पाठ फिरवली होती. मला ते परवडणारं नव्हतं. माझ्या डिप्लोम्यातला ‘आर्ट’ जितका महत्त्वाचा, तितकाच ‘कमर्शियल’ही. मला घराबाहेर पडायचं होतं आणि बिल पाठवायचं होतं.

आत्या वर की मावशी?

बाहेर पडले, तर पहिल्या वर्षी काम काय मिळालं? लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि स्थळासाठीचे बायोडेटा! पहिल्या सहा महिन्यांत मिळून पुण्यातल्या दोन पगारांएवढे पैसे आले. पुण्यातल्या मैत्रिणींचे कॅनवरचे, दुबईचे स्टेटस बघत मी कुणाच्या तरी ‘गोत्र-नाडी-रास’ची अलाइनमेंट करत होते.

पण एक सांगू? खान्देशातली लग्नपत्रिका हा डिझाईनमधला अवघड पेपर आहे. आमच्याकडे पत्रिकेत अख्खं भाऊबंद येतं. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आणि ‘आमच्या दीदीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारं बालमंडळ. ऐंशी-नव्वद नावं सहज. आत्या वर की मावशी? राजकारणातल्या काकांचा पॉइंट साइज किती? मोठे मामा गावात नसतात पण खर्च त्यांचा, मग त्यांचं नाव कुठे? कॉलेजात याला ‘हायरार्की’ म्हणतात. इथे त्यावरून मांडवात अबोला धरला जातो!

मी फाईल उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईशी बोलायला लागले. तिला विचारायचे, ‘‘आजी, पत्रिका हातात आल्यावर माणसानं पहिल्यांदा काय वाचलं पाहिजे?’’ उत्तर दर वेळी वेगळं यायचं. एक आजी म्हणाली, ‘‘मांडव कधी आणि जेवण कधी.’’ मग ते मोठं केलं. नावं सगळी ठेवली, पण नात्यांप्रमाणे गट पाडले आणि मध्ये मोकळी जागा सोडली. माणसं पत्रिका वाचायला लागली, चक्क वाचायला! आणि तेव्हा माझं मलाच उलगडलं की मी विकतेय ते चित्र नाहीच. मी विकतेय तो निर्णय. आधी काय, नंतर काय, आणि काय नाहीच.

ताई, डिझाईन कुठंय?

खरी परीक्षा झाली ती वेफर्सच्या पाकिटावर. रावेरकडचे एक केळीवाले भाऊ, केळीचे वेफर्स बनवतात. त्यांचं जुनं पाकीट बघितलं. पाच प्रकारचे फॉन्ट, सोनेरी कडा आणि मागे समुद्रकिनाऱ्यावरची नारळाची झाडं! अहो, जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जळगावच्याच वेफर्सवर नारळ?

मी पंधरा हजारांचं कोटेशन दिलं. भाऊ हसले. ‘‘ताई, छापणारा तर डिझाईन फुकट करून देतो.’’

मी म्हटलं, ‘‘मग त्याच्याकडूनच करा. फक्त आज अर्धा तास माझ्याबरोबर एसटी स्टँडवर चला.’’

जळगावच्या स्टँडवर वेफर्स, फरसाण, बिस्किटं सगळी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये उभी खोचलेली असतात. पाकिटाचा वरचा चार बोटं भाग तेवढा दिसतो. भाऊंचं नाव होतं तळाला. समोरच्या बाकावर बसून आम्ही बघत राहिलो. बस सुटायच्या दोन मिनिटं आधी माणूस धावत येतो, हात पुढे करतो, दिसेल ते उचलतो, पैसे देतो, पळतो. भाऊंचं पाकीट तिथेच होतं, पण ते भाऊंचं आहे हे त्यांना स्वतःलासुद्धा शोधावं लागलं.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मग काय करायचं म्हणता?’’

नवं पाकीट अगदी साधं. वरच्या चार बोटांत नाव आणि ‘जळगावची केळी’ हे दोनच शब्द, जाड, पिवळ्यावर काळे. खाली खऱ्या वेफरचा मोठा फोटो. वजन, किंमत, एफएसएसएआयचा नंबर, सगळं मागे नीट एका चौकटीत. प्रिंट दाखवली तर भाऊ गोंधळले. ‘‘ताई, पण यात डिझाईन कुठंय? रिकामी जागाच जास्त दिसतेय.’’

रिकामी जागा! हा प्रश्न प्रत्येक डिझायनरला प्रत्येक क्लायंट विचारतो. ‘पैसे पूर्ण पाकिटाचे दिलेत, मग अर्धं रिकामं का?’ पुण्यात असते तर ‘व्हाइट स्पेस’वर प्रेझेंटेशन दिलं असतं. इथे मला समर्थांची आठवण झाली.

समर्थांचा सेफ मार्जिन

धुळ्यात राहून रामदासांना विसरता येत नाही. इथल्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जपून ठेवलीत. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायणही तिथेच आहे. त्यांच्या दासबोधात लेखन कसं करावं यावर एक आख्खा समास आहे, लेखनक्रियानिरूपण नावाचा, एकोणिसाव्या दशकाचा पहिला. तुम्ही डिझायनर असाल तर एकदा वाचाच. अक्षरं गोलसर आणि सुटी असावीत, ओळी सरळ जाव्यात, पहिलं अक्षर जसं तसंच ग्रंथाच्या शेवटचं असावं, असं सगळं त्यात सांगितलंय. आणि एक भन्नाट गोष्ट : पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधेच लिहावं. का? तर कागद कडेनं झिजला तरी अक्षराला धक्का लागू नये!

मंडळी, आज कुठल्याही प्रेसला फाईल पाठवा, ते पहिलं काय विचारतात? ‘सेफ मार्जिन सोडलाय ना?’ कटिंगमध्ये दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी मजकूर कापला जाऊ नये म्हणून. सतराव्या शतकातला माणूस तेच सांगून गेलाय, आणि कारणासकट.

मी भाऊंना हे सांगितलं. म्हटलं, ‘‘दादा, ही जागा रिकामी नाही. तुमच्या नावाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून सोडलेली आहे.’’ व्हाइट स्पेस पटली नसती, समर्थ पटले.

चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. ‘‘ताई, आता काळ्या मिरीच्या वेफर्सचं पाकीट पण करायचंय. तुमचे जे काय पंधरा होतात ते लिहून पाठवा.’’ घासाघीस नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला उगाचच मिठी मारली. तिच्या हाताला भरिताच्या वांग्याची राख होती, ती माझ्या टी-शर्टवर उमटली. तो टी-शर्ट मी दोन दिवस धुतला नाही.

मग, यायचं का परत?

आता खर्चाची बाजू. पुण्यातला पगार मी अजून गाठलेला नाही. काही महिने त्याच्या वर जातात, काही अगदीच खाली. घरभाडं नाही, ट्रॅफिक नाही, हे खरं. पण डिझाईनवर वाद घालायला बरोबरीचं कुणी नाही, हेही खरं. चांगला कागद हवा, वेगळं फिनिश हवं, तर नाशिक किंवा पुणे गाठावं लागतं. उधारी हा इथला राष्ट्रीय खेळ आहे. म्हणून माझे तीन नियम : काम सुरू करण्याआधी लेखी कोटेशन, निम्मे पैसे आगाऊ, आणि बदल दोनच वेळा. तिसऱ्यांदा ‘जरा लोगो मोठा करा’ म्हणालात तर त्याचं वेगळं बिल. पहिल्या वर्षी या नियमांमुळे काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली, ती राहिलीच.

काम आहे का? भरपूर! जळगावात सोनं आहे, केळी आहे, डाळमिल आहेत, चटयांचे कारखाने आहेत, पाईप आहेत. धुळे जिल्ह्यात मिरची आहे, तेल आहे. प्रत्येकाला पाकीट, पिशवी, पाटी, लेबल लागतं. ‘खान्देशात कसले ब्रँड होणार?’ म्हणणाऱ्यांना मी अमळनेर दाखवते. तुमच्यापैकी कितीतरी जण जिच्या ऑफिसात बसता किंवा बसलात, ती विप्रो 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपापासून सुरू झाली. त्या तुपाचं नाव होतं ‘सनफ्लॉवर’. सॉफ्टवेअर फार नंतर आलं, आधी आमच्याकडचा डबा होता!

आणि हत्यारं? पूर्वी मराठीत काम करायचं म्हणजे फॉन्टची मारामार. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजमधून घरोघरी पोहोचला, तेव्हा कुठे कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी सरसकट दिसायला लागली. आता मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे सुंदर देवनागरी फॉन्ट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. शिकायचं असेल तर जळगाव, चोपड्यालाही कला महाविद्यालयं आहेत. बी.एफ.ए.साठी राज्याची सीईटी आहे, बी.डेस.साठी 2015 पासून यूसीड. चित्रकलेचं अंग असलेल्या दहावीतल्या भाचीला हे सांगून ठेवा. आणि तिला एखाद्या प्रेसमध्ये चार दिवस नुसतं बसवा. शाईचा वास आल्याशिवाय या धंद्यातली निम्मी अक्कल येत नाही.

‘पण एआय?’ हा प्रश्न हल्ली बोनस म्हणून येतोच. क्लायंट आता मोबाईलवर चित्र बनवूनच आणतात. परवा एकानं आणलं. केळी झकास, उजेड झकास, आणि ‘वेफर्स’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेला! आज ना उद्या तो रफारही जागेवर येईल, त्यात शंका नाही. चित्र फ्लेक्ससारखंच स्वस्त होत जाणार, कदाचित फुकटही. मामाच्या वेळी मशीननं हात घेतला, आता दुसरं मशीन चित्र घेतंय. पण जळगावच्या स्टँडवर क्रेटसमोरच्या बाकावर अर्धा तास बसून राहणं अजून माणसालाच करावं लागतं. निदान मला तरी त्याचेच पैसे मिळतात.

म्हणून ‘गावी करिअर होतं का?’ याचं माझं उत्तर सोपं आहे. तुम्ही जे विकता ते काय आहे, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत असेल, तर होतं. नसेल, तर पुण्यातही ते फुकटच जातं, फक्त पगाराच्या स्लिपमुळे लक्षात येत नाही.

गेल्या दिवाळीत जिभाऊंनी पुन्हा ओट्यावरून चौकशी केली. त्यांच्या नातीचं लग्न ठरलंय. म्हणाले, ‘‘पत्रिका तुनी आंडेरकडूनच करनी शे, कितला पैसा लेस?’’ मी खिडकीत होते. आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि एसटीच्या तिकिटाचा दर सांगावा तितक्या सहजपणे सांगितलं, ‘‘निम्मं आधी देनं पडस.’’